कुमुदताई आणि मी न लिहिलेलं एक वाक्य

कुमुदताई गेल्याचं मला लंडनमधल्या एजवेअरला कळलं. मावसबहिणीच्या लेकीचं केळवण होतं. मी कोशिंबिरीसाठी फोडणी करत होते आणि ओट्यावरचा फोन एकसारखा थरथरायला लागला. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'कुमुदताई आज सकाळी गेल्या. फार त्रास झाला नाही.' त्याखाली जोडलेले हात, पुन्हा जोडलेले हात, बघता बघता चाळीस-पन्नास झाले. मीही बोट पुढे नेलं... आणि ते तिथेच राहिलं. मोहरी करपल्याचा वास आला तेव्हा बहीण धावत आली, "अगं अनघा, लक्ष कुठंय तुझं?" मी म्हटलं, ओळखीतल्या एक बाई गेल्या. ओळखीतल्या! इतकं कोरडं वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि त्या दिवशी मला कळलं की सहा वर्षांपूर्वी जे केलं तेच मी अजून करते आहे.

त्याला आता पाच आठवडे झाले. कुमुदताईंबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. नागपूरहून पन्नास वर्षांपूर्वी नर्स म्हणून आलेल्या, स्लाऊजवळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, यजमान लवकर गेल्यावर लेकीला, मृणालला, एकटीने वाढवणाऱ्या कुमुदताई. ते सगळं खरंच आहे. पण माझ्या ओळखीच्या कुमुदताई एका टेकडीच्या पायथ्याशी लाल जाकीट घालून उभ्या असायच्या, आणि त्यांच्याबद्दल मला जे सांगायचंय ते मंडळाच्या शोकसभेत उठून सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या मेडनहेडपासून अर्ध्या तासावर जुन्या खडूच्या खाणीचा एक उतार आहे. तिथे गावातल्याच लोकांनी मिळून स्कीइंगची टेकडी चालवली आहे. बर्फ नाही. प्लॅस्टिकच्या ताठ केसांचं, जाळीदार मॅटिंग अख्ख्या उतारावर अंथरलेलं, एखादा अवाढव्य ब्रश उलटा घालून ठेवल्यासारखं. त्यावर पाणी फवारत राहतात, म्हणजे स्की घसरतात. खाली एक लाकडी खोली, तिच्यात बुटांची कपाटं आणि चहाची किटली. लिफ्ट म्हणजे फिरत्या तारेला लटकणाऱ्या दांड्या. दांडीच्या टोकाची चकती दोन पायांत धरायची आणि उभ्या उभ्या वर ओढलं जायचं. लिफ्ट चालवणारे, बूट देणारे, शिकवणारे सगळे हौसेने येणारे. रिटायर झाल्यावर थिएटरमधल्या मैत्रिणींनी कुमुदताईंना गमतीने तिथे नेलं होतं. एकसष्टाव्या वर्षी त्या पहिल्यांदा घसरल्या, पडल्या, आणि म्हणे मॅटिंगवर पालथ्या पडूनच इतक्या हसल्या की मैत्रिणींना वाटलं काहीतरी मोडलं. वर्षभरात त्या बऱ्यापैकी स्की करू लागल्या आणि दर शनिवारी सकाळी लहान मुलांच्या वेळेला लिफ्टपाशी ड्यूटी करू लागल्या.

माझी मुलगी ईरा आठ वर्षांची असताना वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो. मी तिला रांगेत उभी करून फोटो काढत होते, इतक्यात हेल्मेटखालून ठसठशीत टिकली दिसणाऱ्या एका बाईंनी आधी ईराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सरळ मराठीत विचारलं, "हिचे हातमोजे कुठायत?" मी उडालेच. "गाडीत राहिले वाटतं," म्हटलं. "मग गाडीतून आणा. या मॅटिंगच्या भोकात अंगठा अडकला की काडीसारखा मोडतो. मी रांगेत तिची जागा ठेवते." त्यांनी खरंच ठेवली. मी धापा टाकत परत आले तेव्हा त्या ईराला विचारत होत्या, पडल्यावर आधी काय करायचं? ईरा म्हणाली, उठायचं. "नाही गं. आधी वर बघायचं, कुणी येतंय का. मग उठायचं."

पुढे दीड वर्ष आम्ही जवळजवळ प्रत्येक शनिवारी गेलो. ईराला स्कीइंग आवडलं, मला ताई. माझी आई पुण्यात, सासू सांगलीला, आणि इथे डबा उघडून 'खा गं, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या सहसा आवाज चढवत नसत. एकदा एक धिप्पाड गृहस्थ रांगेतल्या मुलांना ओलांडून पुढे आले तर ताईंनी लाल बटण दाबून लिफ्टच थांबवली, आणि हात पाठीमागे बांधून आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या. अर्ध्या मिनिटाने ते गृहस्थ आपले आपण मागे गेले. आणखी एकदा हिजाब घातलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी आली. मोकळं टोक लिफ्टमध्ये अडकायची भीती, म्हणून दुसऱ्या एका स्वयंसेवकाने तिला परत जायला सांगितलं. ती रडवेली झाली. ताई तिला खोलीत घेऊन गेल्या, थिएटरच्या टोपीत केस बांधतात तसं ते कापड चारी बाजूंनी आत खोचून, पिन लावून, वर हेल्मेट चढवून बाहेर घेऊन आल्या. "नियम कापडाला आहे, मुलीला नाही," एवढंच त्या त्या माणसाला म्हणाल्या. पडलेल्याला न विचारता उचलायला धावलेलंही त्यांना चालायचं नाही. आधी विचारायचं, मदत हवी का? चाळीस वर्षं भूल दिलेल्या माणसांना हात लावलाय मी, त्यांना विचारता येत नव्हतं, म्हणून जागं असेल त्याला विचारायचं... असं त्या म्हणत.

मला हे सगळं कौतुकाचं वाटायचं, पण ते इतरांसाठी असतं तोवर. हे आज लिहिताना लाज वाटते, तरी खरं तेच आहे.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, मुलांना हाफ टर्मची सुट्टी होती तेव्हा, मी मंडळातर्फे टेकडीवर सहल काढली. त्या वर्षी मी मंडळाची सेक्रेटरी होते आणि सगळं नीट पार पडावं, लोकांनी नाव घ्यावं, असं फार वाटत होतं. मेडनहेड-स्लाऊकडची बावीस माणसं आली. ताईंनी सुरुवातीला सगळ्यांना गोळा करून नियम सांगायला घेतले. खालचा माणूस आधी, त्याला वाचवत यायचं. थांबायचं तर कडेला थांबायचं. उताराच्या मध्यावर एक उंचवटा आहे, त्याच्या खाली कधीच उभं राहायचं नाही, कारण वरून येणाऱ्याला तिथला माणूस दिसत नाही. एकदा मराठीतून, मग मुलांसाठी पुन्हा इंग्रजीतून. माणसं चुळबुळ करायला लागली. मी हसत हसत म्हटलं, "ताई, आवरा आता. आपण काही ऑपरेशनला नाही आलोय." सगळे हसले. ताईही हसल्या, आणि राहिलेलं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

तासाभराने ईरा पहिल्यांदाच अगदी वरून, एकटी येणार होती. तिचा व्हिडिओ काढून आजीला पाठवायचा म्हणून मी कडेच्या पायवाटेने चढले, आणि कडेवरून ती नीट दिसेना म्हणून मॅटिंगवर आत गेले. उंचवट्याच्या खाली, बरोबर मधोमध. दोन मिनिटांचं तर काम, असं मनात होतं. ईरा आली, वळली, माझ्या शेजारून सुंदर घसरत खाली गेली. मी तिच्यामागे फोन फिरवला आणि त्याच वेळी खालून ताईंची हाक आली. "अनघा, बाजूला हो!" सगळ्यांसमोर, अशा आवाजात की खाली उभी असलेली आमची माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझे कान तापले. दहावीतल्या मुलीला ओरडावं तसं ओरडतायत, असं वाटलं. मी फोन खाली न घेता म्हटलं, "एक मिनिट हं, ताई." मुद्दाम म्हटलं. ईरा पार खाली पोचेपर्यंत मी हलले नाही.

पायथ्यावरून त्यांना उंचवट्याच्या वरचा भाग दिसत होता, मला दिसत नव्हता. एक माणूस वेगाने खाली येत होता. ताई लिफ्ट सोडून धावत चढल्या. सहासष्टाव्या वर्षी, त्या जड बुटांत. त्यांनी दोन्ही हातांनी मला कडेला ढकललं, मी गवतावर जाऊन पडले, आणि तो माणूस त्यांच्यावर आदळला. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. त्या माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ताईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं, गुडघा फिरला. मी जवळ गेले तर त्या पांढऱ्याफटक पडलेल्या आणि पहिलं काय विचारलं, तर "लिफ्टवर दोन मुलं आहेत, कुणी बटण दाबलं का?" बटण कुणीतरी दाबलं होतं. मुलं सुखरूप होती.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर टेकडीच्या कमिटीचे ग्रॅहम फॉर्म घेऊन आले. उंच, मऊ बोलणारे, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मी तिथेच होते म्हणून मी काय पाहिलं ते लिहून द्यायचं होतं. आमची बावीस माणसं बाजूला चहा घेत कुजबुजत होती, पण त्यांच्यापैकी कुणीही पुढे होऊन काही सांगितलं नाही. फॉर्मवर मी तीन वाक्यं लिहिली. मी मुलीचा व्हिडिओ काढत कडेला उभी होते. लिफ्टवरच्या बाई अचानक धावत उतारावर आल्या. त्या का आल्या ते मला माहीत नाही. खाली सही केली. ग्रॅहमनी मला खुर्ची दिली, गोड चहा दिला. तो चहा मी प्यायले.

घरी येताना गाडीत ईराने विचारलं, "आई, तू मिडलमध्ये होती ना?" मी म्हटलं, "नाही, कडेला होते." तिने पुन्हा विचारलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं की आई खोटं बोलतेय, आणि एवढंही कळतं की आता गप्प बसायचं. त्यानंतर मी तिला टेकडीवर नेलं नाही. पोहायला घालते म्हटलं, शनिवारी पियानो लावला, काहीबाही कारणं काढली. तिनेही हट्ट केला नाही.

कमिटीने ताईंना लिफ्टच्या कामावरून काढलं. चालती लिफ्ट सोडून जाणं ही तिथली सगळ्यात मोठी चूक, आणि ती का केली याला कागदावर काही कारण नव्हतं. हे मला मंडळातल्याच कुणाकडून कळलं. हाड जुळल्यावर ताई पुन्हा टेकडीवर जायला लागल्या, पण आत, खोलीत. मुलांना बूट द्यायचे, दुखऱ्या गुडघ्यावर बसून बकल लावायचे. स्की त्यांनी परत घातले नाहीत. मंडळाच्या गणपतीत भेटल्या तेव्हा मी लांबूनच वळणार होते, तर त्यांनीच हाक मारली. "काय गं, ईरा येत नाही हल्ली? छान वळायची. बंद नको करूस तिचं." आवाजात काहीही नव्हतं. ना राग, ना टोमणा. मला वाटलं, त्या विसरल्या. विसरल्या असं समजणं किती सोयीचं होतं!

या वर्षी त्यांचा आजार कळला तेव्हा सगळे जाऊन भेटून आले. मी तीन आठवडे टाळलं. मग एका दुपारी सुट्टी घेऊन स्लाऊला गेले. गाडीत सगळं वाक्यन्‌वाक्य जुळवलं होतं. ताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, खूप लहान झालेल्या, पायांवर शाल. मृणालने चहा दिला आणि फार्मसीत जाऊन येते म्हणून गेली. आम्ही दोघीच. पाच मिनिटं हवेबद्दल बोललो. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "अनघा, काही सांगायचं होतं का तुला?"

मी म्हटलं, "नाही हो ताई. सहज आले होते."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला आणि मी मृणाल येईपर्यंत बसून राहिले. त्यांच्या झोपेतल्या चेहऱ्याकडे बघत मनातल्या मनात सगळं सांगितलं... त्याचा काय उपयोग?

इथे अंत्यसंस्काराला तारीख मिळायला दोन-अडीच आठवडे जातात. त्या मधल्या दिवसांत मृणालने सगळ्यांना मेसेज केला. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी थोडं अडखळतं. तिने लिहिलं होतं, 'कुणाकडे आईची आवाज आहे का? माझ्याकडे नुसता फोटो आहेत. आई फोनवर बोलायची पण मी कधी रेकॉर्ड केला नाही.' मी तो मेसेज दिवसभर वाचत होते. ग्रुपवर कुणाकडेच काही नव्हतं. माझ्याकडे होतं. तो व्हिडिओ मी कधी पाहिला नव्हता आणि कधी पुसलाही नव्हता.

मी तो पाठवला नाही, घेऊन गेले. मृणालच्या समोर बसून आधी सगळं सांगितलं, कुठे उभी होते, काय म्हणाले, फॉर्मवर काय लिहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही आलं नाही, आणि तेच जास्त कठीण होतं. मग मी फोन तिच्या हातात दिला. पाऊण मिनिटाचा व्हिडिओ. ईरा येते, जाते. 'अनघा, बाजूला हो!' माझा लाडिक, चिडका आवाज, 'एक मिनिट हं, ताई.' मग पुन्हा एकदा, जवळून, 'अनघा!' आणि आभाळ, गवत.

मृणालने तो तीनदा लावला. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकला. मग म्हणाली, "आई किती घाबरली आहे. मी तिला कधी असं ऐकलंच नव्हतं. बाबा गेले तेव्हापण नाही." आणि रडायला लागली.

सहा वर्षं मी त्या हाकेला अपमान समजत होते. परत ऐकायची हिंमत केली असती तर मलाही कळलं असतं... रागाचा त्यात अंशसुद्धा नव्हता. मृणालने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. निघताना तिने एवढंच म्हटलं, "व्हिडिओ मला पाठव, मावशी. पूर्ण पाठव, कट नको करू. आणि त्या लोकांना सांग."

गेल्या शनिवारी गेले. ईरा म्हणाली, मीपण येते. ती आता पंधरा वर्षांची आहे. गाडी लावल्यावर म्हणाली, "मला वाटलेलं तू कधीच नाही सांगणार." खोलीत ग्रॅहम होते, खूप म्हातारे दिसले. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं, आत जाऊन कपाटातून एक फाइल आणली आणि माझा जुना फॉर्म टेबलावर ठेवला. मग चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "आम्ही तिला तीनदा विचारलं होतं, जागा का सोडलीस म्हणून. ती म्हणाली, ते मी नाही सांगायचं, जिचं आहे ती सांगेल. आम्ही दोन मीटिंगा थांबलो."

ईराने मागून खुर्ची सरकवली. ग्रॅहमनी कोरा कागद पुढे केला आणि विचारलं, मागची तारीख घालायची आहे का. मी नको म्हटलं. त्या दिवसाचीच तारीख घातली आणि लिहिलं : मी उंचवट्याच्या खाली, उताराच्या मधोमध उभी होते. कुमुदताईंनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि मी मुद्दाम झाले नाही. त्या मला वाचवायला आल्या.

ईराने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. मग पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीच्या खाली, लहानपणापासून तिला जेमतेम येणाऱ्या देवनागरीत, स्वतःचं नाव लिहिलं. ग्रॅहमनी तिला विचारलं, ही कशाची सही? ती म्हणाली, "आय सॉ इट टू."